मंत्रिमहोदय, 900 डबलडेकर कुठे आहेत?

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

आपल्या टपालात रोज पत्रांचा ढीग पडत असेल, त्यात माझं एक. आपला वेळ घेते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मी कुर्ल्याला राहते आणि एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते. उजव्या हाताला प्लास्टर आहे, त्यामुळे हे पत्र डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत टाइप करते आहे. हात कसा मोडला ते पुढे सांगेन. आधी प्रश्न विचारते, नाहीतर दुखण्यापायी तो राहून जायचा.

2022 च्या सुरुवातीला आम्हा मुंबईकरांना सांगण्यात आलं की बेस्टमध्ये 900 वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर येणार. बारा वर्षांचं कंत्राट, 3,600 कोटींचा आकडा, समितीची मंजुरी, सगळं पेपरात आलं. ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते पहिल्या गाडीचं अनावरण झालं. फेब्रुवारी 2023 मध्ये ती गाडी सीएसएमटी ते नरिमन पॉइंट धावायलाही लागली. लोकांनी वरच्या मजल्यावर बसून फोटो काढले. मुलांना मुद्दाम घेऊन गेले. आम्हाला वाटलं, आता येतील बाकीच्या.

आल्या नाहीत. 900 पैकी 700 गाड्या ज्या कंपनीकडून यायच्या होत्या, तिची एकही डबलडेकर आमच्या रस्त्यावर आली नाही. उरलेल्या 200 पैकी पन्नासच्या आसपास आल्या आणि गाडं तिथेच अडलं. दरम्यान 15 सप्टेंबर 2023 ला जुन्या डिझेल डबलडेकरपैकी शेवटची गाडी अंधेरीच्या आगरकर चौक ते सीप्झ या 415 क्रमांकाच्या मार्गावर हारफुलं घालून निवृत्त केली. 1937 पासून या शहरात डबलडेकर होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे अशा 900 च्या आसपास गाड्या होत्या. म्हणजे जेवढ्या काढून घेतल्या तेवढ्याच परत द्यायचं वचन होतं. ते वचन कुठे गेलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, बेस्ट महापालिकेची, माझ्याकडे कशाला लिहिता? तर साहेब, मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा झालं आणि एसी बसचं सहावरून बारा झालं, त्या भाडेवाढीला मंजुरी मुंबई महानगर परिवहन प्राधिकरणाने दिली. ते प्राधिकरण राज्याच्या परिवहन खात्याचं. आणि मार्च 2022 नंतर कितीतरी वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, राज्य सरकारने नेमलेले प्रशासक कारभार बघत होते. दर दुप्पट करताना जो अधिकार होता, तो गाड्यांचा जाब विचारताना नाहीसा होत नाही.

आता हाताचं सांगते. संध्याकाळी कामावरून परतताना मी वीस-बावीस आसनांच्या छोट्या एसी बसमध्ये चढले. चढले म्हणजे दाराच्या पायरीवर एक पाय ठेवला. त्याआधीच्या गाड्या भरलेल्या असल्याने न थांबता निघून गेल्या होत्या, त्यामुळे ही सोडायची माझी हिंमत नव्हती. माझी पिशवी आड येत होती म्हणून दार लागेना. ड्रायव्हर ओरडत होता, ‘आत सरका, आत सरका.’ आत बोट शिरायला जागा नव्हती. वरच्या दांड्याला एवढे हात होते की माझा पोचतच नव्हता. पुढे रिक्षा आडवी आली, त्याने ब्रेक मारला आणि मी दाराशेजारच्या लोखंडी खांबावर मनगटावर आदळले. आवाज मला ऐकू आला. एका कॉलेजच्या मुलीने मला खाली उतरवलं आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं. ती परक्याची पोर, तिचे उपकार मी विसरणार नाही.

तक्रार करायला गेले. मी आगाराचं नाव लिहीत नाही, कंत्राटदाराचंही लिहीत नाही, कारण मला कुणा एकाला झोडपायचं नाही. आगारातले साहेब म्हणाले, गाडी कंत्राटदाराची आहे, ड्रायव्हर कंत्राटदाराचा आहे, तिकडे बोला. कंत्राटदाराच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, आम्हाला किलोमीटरचे पैसे मिळतात. गर्दी बघणं आमचं काम नाही.’

तो खरं बोलला. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ त्याने एका वाक्यात सांगितलं, आणि तेच आपल्याला सांगायला मी हे पत्र लिहिते आहे.

मी वाहतुकीचा हिशेब रोज करते, साहेब. वीस टन माल पुण्याला पोचवायचा असेल आणि रोज तेवढाच माल निघत असेल, तर आमचे मालक एक मोठी गाडी लावतात. छोट्या टेम्पोंच्या फेऱ्या करत नाहीत. टेम्पोचा किलोमीटरमागचा खर्च कमी आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण टनामागचा खर्च जास्त पडतो, हेही त्यांना ठाऊक आहे. आपल्या बसचा हिशेब मात्र पहिल्या ओळीवरच थांबला. छोटी गाडी किलोमीटरला स्वस्त, म्हणून छोटी गाडी घेतली. त्या किलोमीटरमध्ये किती माणसं बसली आणि किती थांब्यावर राहिली, हा रकाना कागदावर नाहीच.

डबलडेकर का काढल्या, याची कारणं आम्ही वर्षानुवर्षं ऐकली. पहिलं कारण, तीन माणसं लागतात. एक ड्रायव्हर, खाली एक कंडक्टर, वर एक कंडक्टर. खरं आहे. आता छोट्या गाडीचं बघा. नव्या डबलडेकरमध्ये 65 च्या आसपास आसनं आहेत. तेवढी माणसं बसवायला छोट्या गाड्या तीन लागतात. तीन ड्रायव्हर आणि तीन कंडक्टर, म्हणजे सहा माणसं. तीन इंजिनं, अठरा-वीस टायर, तीन विमे. आणि रस्त्यावरची जागा? डबलडेकरची लांबी दहा मीटरच्या आत. तीन छोट्या गाड्या मधल्या अंतरासकट पंचवीस मीटरच्या पुढे जातात. कुर्ला स्टेशनच्या बाहेर पंचवीस मीटर म्हणजे काय, ते आपण एकदा सायंकाळी सहा वाजता येऊन बघावं. तिथे चालायला फूटभर जागा मिळत नाही.

छोट्या गाड्यांमुळे फेऱ्या वाढतात, लोकांना लवकर बस मिळते, असं सांगतात. हे मला अमान्य नाही. चेंबूरच्या किंवा मालाडच्या आतल्या गल्लीत, जिथे दिवसभर तुरळक माणसं असतात, तिथे छोटी गाडीच हवी. तिथे डबलडेकर घालणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं, आणि ती वळणारही नाही. पण जिथे लोकलमधून एका दमात शेकडो माणसं उतरतात आणि सगळ्यांना एकाच दिशेला जायचं असतं, तिथे पाच मिनिटांनी भरलेली गाडी गेली काय आणि दहा मिनिटांनी गेली काय, मागच्या माणसाला तिचा उपयोग शून्य. वांद्रे पूर्व ते कुर्ला हा 310 चा रस्ता, मधे बीकेसी. याच मार्गावर डबलडेकर वर्षानुवर्षं भरभरून धावल्या. आमच्या कुर्ल्याची निम्मी नोकरदार मंडळी त्याच गाडीने गेली. ती निवड कुणी हौसेने केली नव्हती. त्या मार्गावर माणूस किती आहे, हे मोजून केली होती.

दुसरं कारण, जिना. चढायला-उतरायला वेळ लागतो, गाडी थांब्यावर खोळंबते, म्हातारी माणसं वर जाऊ शकत नाहीत. हेही खरं, आणि म्हणूनच दर तीनशे मीटरला निम्मी गाडी रिकामी होऊन पुन्हा भरते अशा मार्गावर लांब, सपाट, दोन-तीन दारांची एकमजली गाडी बरी. उभं राहायला तिच्यात जागा भरपूर. वरच्या मजल्यावर उभं राहायला देत नाहीत, द्यायलाही नको, गाडीचा तोल जातो. इंग्लंडमध्ये डबलडेकर पास करताना वरचा मजला भरलेला धरून गाडी 28 अंश कलवून बघतात. म्हणजे प्रत्येक गाडीचा आपला एक मार्ग असतो. पण नव्या गाडीला दोन दारं आणि दोन जिने आहेत. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा. जुन्या गाडीच्या जिन्याचं कारण नव्या गाडीला चिकटवू नका.

तिसरं कारण उंचीचं. झाडाच्या फांद्या, लोंबणाऱ्या वायरी, स्कायवॉक, मेट्रोचे गर्डर, जुने रेल्वे पूल. आपल्याकडे नियमाने डबलडेकर 4.75 मीटरपर्यंत उंच असू शकते. मग रस्त्यावर काही बांधताना त्या उंचीची गाडी खालून जाईल ना, हे बघणं कुणाचं काम? पावसाळ्याआधी फांद्या छाटणं कुणाचं काम? आधी रस्त्यावर अडथळे येऊ द्यायचे आणि मग अडथळे आहेत म्हणून गाडी काढायची, हे कारण मला पटत नाही.

चौथं कारण मला मान्य आहे. ही गाडी सर्रास मिळत नाही. देशात बनवणारे एक-दोघेच, सुटे भाग वेगळे, दुरुस्तीला हात वेगळा लागतो, आणि पुढे विकायची म्हटली तर गिऱ्हाईक नाही. एकमजली गाडी कुठेही खपते. कंत्राटदार म्हणूनच डबलडेकरला हात लावायला कचरतो आणि त्यात त्याची चूक नाही, त्याला धंदा करायचा आहे. पण म्हणूनच ती जोखीम सार्वजनिक संस्थेने उचलायची असते. त्यासाठीच तर 7 ऑगस्ट 1947 ला ही कंपनी महापालिकेने विकत घेतली होती. शहराची बस शहराच्या मालकीची असावी म्हणून.

हाँगकाँगला जाऊन बघा. आपल्यासारखंच दाट शहर, आपल्यासारख्याच अरुंद वाटा. तिथे 1949 पासून डबलडेकर आहेत आणि आज मुख्य मार्गांवर त्याच दिसतात, तीन आसांच्या, बारा मीटरच्या. कंडक्टर एकही नाही, दारात कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. म्हणजे ‘तीन माणसं लागतात’ हे कारणही मशीनने संपवता येतं. लंडनने 2002 साली मधोमध सांधा असलेल्या लांबलचक गाड्या आणून पाहिल्या. 2011 च्या डिसेंबरात शेवटची काढली आणि त्यांतल्या बऱ्याच मार्गांवर पुन्हा डबलडेकर आणल्या, कारण रस्त्याची लांबी कमी पडते तिथे माणसं एकावर एक बसवणंच शहाणपणाचं. उलट बोगोटासारख्या शहराने 2000 पासून बसला स्वतंत्र मार्गिका दिली, तिथे लांब जोडबस शोभते. रस्ता बघून गाडी निवडतात, साहेब. निविदा बघून नाही.

आपल्याकडे ज्यांना हे कळत होतं ती माणसं होती. जुन्या डबलडेकरच्या वरच्या मजल्याचा कंडक्टर मी लहानपणापासून पाहिला. जिन्याच्या तोंडाशी कमरेने कठड्याला टेकून उभा, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि चिमट्याची सतत टिकटिक. ड्रायव्हरला वरचं काही दिसत नसे. वरचा शेवटचा माणूस जिना उतरून गेल्याशिवाय डबल बेल पडत नसे आणि डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलत नसे. म्हातारं माणूस जिन्यात असेल तर खालचा कंडक्टर हात देई आणि बेल रोखून धरी. दोन कंडक्टर म्हणजे दुप्पट पगार असं तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल. आमच्यासाठी ते दोन डोळे होते. माझ्या मनगटाच्या वेळी त्या गाडीत असा एकही डोळा नव्हता.

आता मला रडगाणं गायचं नव्हतं, पण गाते. पगारी रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. पोळ्या लाटता येत नाहीत, वेणी घालता येत नाही, सासूबाईंना अंघोळीला हात देता येत नाही. त्या शहात्तर वर्षांच्या, त्याच आता माझं पाणी भरतात. ड्रेसिंगला जायला रिक्षा करावी लागते कारण एका हाताने त्या गाडीत चढायची मला भीती वाटते. मनगट पहिल्यासारखं वळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. माझं सगळं काम उजव्या हाताचं आहे. भाडं मात्र दुप्पट झालं ते झालंच. ज्या गाडीत चढता येत नाही त्या गाडीचं भाडं दुप्पट.

2019 च्या जानेवारीत बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला, शहर ठप्प झालं. त्याच वर्षी कामगार संघटनेशी करार झाला की बेस्टच्या स्वतःच्या 3,337 गाड्या कायम राहतील. आज स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. एकेकाळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या, आता भाड्याच्या धरूनही तीन हजार भरत नाहीत. कंत्राटदार परवडत नाही म्हणून एकामागून एक निघून गेले, त्यांनी जाताना शेकडो छोट्या गाड्या एका फटक्यात बंद केल्या, आणि सकाळी लोक थांब्यावर उभे. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात, माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, भाड्याची बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली. त्या रात्री आमच्या भागात कुणाच्या घरी चूल पेटली नाही. त्यानंतर ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाबद्दल केवढी चर्चा झाली. चर्चेनंतर काय बदललं, ते मला माझ्या थांब्यावर दिसत नाही.

पैसे नाहीत असं कुणी सांगू नये. एकेकाळी बेस्टच्याच वीज विभागाच्या कमाईतून बसचा तोटा भरून निघायचा, ते बंद झालं, ठीक आहे. पण सागरी किनारा रस्त्याला तेरा हजार कोटींहून जास्त लागले आणि ते मिळाले. तो रस्ता मुख्यतः मोटारीतून जाणाऱ्यांचा आहे. डबलडेकरचं सगळं बारा वर्षांचं कंत्राट त्याच्या पाव हिश्श्याएवढं होतं. मोटारवाल्याला दहा मिनिटं वाचवायला तिजोरी उघडते आणि बसवाल्याला नुसतं बसायला मिळावं म्हणून किलोमीटरचा दर घासाघीस करून ठरतो. बसचा होतो तो ‘तोटा’ आणि रस्त्यावर होतो तो ‘विकास’. हा हिशेब कुणी शिकवला? आमच्या ऑफिसात असा ताळेबंद मी मांडला असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

जुनी डबलडेकर बेस्टच्या अणिक आगारातल्या संग्रहालयात ठेवावी अशी मागणी झाली. ठेवा, मलाही आनंद आहे. पण आम्हाला जुन्या मुंबईची आठवण म्हणून डबलडेकर नको आहे. आठवणींचं भांडवल करून लोकांनी हा विषय भावनेचा केला आणि त्यामुळे तुमचं फावलं, कारण भावनेला उत्तर द्यावं लागत नाही. माझी मागणी भावनेची नाही.

माझं म्हणणं असं. 200 पैकी राहिलेल्या दीडशे गाड्यांचं काय झालं, कंत्राटदाराला दंड किती झाला, हे छापून सांगा. रद्द झालेल्या 700 च्या जागी काय येणार आणि केव्हा, तेही सांगा. ज्या गाड्या आहेत त्या आधी स्टेशनबाहेरच्या गर्दीच्या मार्गांना द्या, समुद्र बघायला मागाहून द्या. पुढच्या प्रत्येक कंत्राटात किलोमीटरच्या दराशेजारी आसनामागचा दर लिहा आणि मार्गावर गर्दीच्या तासात किती माणसं थांब्यावर उरतात ते मोजून जोडा. मोजायला माणूस नसेल तर प्लास्टर निघाल्यावर मी येते, पैसे नकोत. हिशेबाचं काम मला येतं. आणि अपघात झालेल्या प्रवाशाने आगारात तक्रार केली तर ‘कंत्राटदाराकडे जा’ हे उत्तर देणं बंद करा. तिकिटावर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची.

या पत्राला ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असं उत्तर कृपया देऊ नये. ते माझ्याकडे आधीच आहे.

आपली,
एक बसप्रवासी
कुर्ला (पश्चिम), मुंबई